बदलापूर वाढलं, पाळणाघर कुठं आहे?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

‘वाढती शहरं आणि स्त्रिया’ असा विषय मला दिला आहे. विषय फार मोठा आहे. मी बदलापुरात काम करते. बचत गट, सल्ला केंद्र, किशोरींचे वर्ग, असं ते काम. म्हणून मी बोलणार आहे ती बदलापूरबद्दलच. पण तुमच्यापैकी जी विरारहून आली आहे, कर्जतहून, टिटवाळ्याहून किंवा पनवेलहून आली आहे, तिला आपल्याच गावाची गोष्ट ऐकतोय असं वाटेल, याची मला खात्री आहे.

सुरुवात एका खेळापासून करते. आमच्या गटांत आम्ही बायकांना कागदावर एक मोठं घड्याळ काढायला सांगतो. चोवीस तासांचं. मग प्रत्येकीनं आपला दिवस त्यात भरायचा. पाणी भरणं, डबा, गाडी, काम, परतीची गाडी, भाजी, स्वयंपाक, झोप. एकदा मुंबईत फोर्टमध्ये कामाला जाणाऱ्या एका बाईनं घड्याळ भरलं आणि माझ्या हातात देताना म्हणाली, “ताई, यात माझा मुलगा कुठं लिहू? जागाच उरली नाही.” ती हसत म्हणाली, म्हणून आम्हीही हसलो. पण तो कागद मी जपून ठेवला आहे. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या कागदात आहे.

आधी थोडं गावाबद्दल सांगते.

बदलापूर हे नाव घोड्यांवरून पडलं असं लोक सांगतात. घाटाकडे जाणारे स्वार दमलेले घोडे इथं बदलायचे, म्हणून बदलापूर. ती दंतकथा झाली. गावाचं नशीब खरं बदललं ते रेल्वेनं. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, आणि १८५६ साली कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत रूळ पडले. ते रूळ इथून गेले. उल्हास नदीच्या बाजूचं जुनं गाव मागे राहिलं आणि स्टेशनच्या आसपास कुळगाव वाढत गेलं. आज नगरपरिषदेचं नाव ‘कुळगाव-बदलापूर’ असं जोडनाव आहे, पण सगळं शहर ओळखलं जातं ते स्टेशनच्या पाटीवरच्या नावानं. रेल्वेनं गाव वसवणं म्हणजे काय, ते यावरून कळावं.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हे लहानच गाव होतं. भातशेती, आजूबाजूला ठाकूर आणि कातकरी समाजाचे पाडे, आणि सकाळ-संध्याकाळच्या गाड्या. मग मुंबईत जागा परवडेनाशी झाली. १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरणगाव उठत गेलं, चाळीतल्या खोल्या विकल्या गेल्या. आधी लोक डोंबिवलीत आले. डोंबिवली महागली तशी अंबरनाथ, आणि मग बदलापूर. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा बदलापूर तिच्यात होतं. १९९२ साली ते बाहेर पडलं. २००१ च्या जनगणनेत इथं सुमारे ९८ हजार माणसं होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत पाऊण पटीहून जास्त वाढ! त्यानंतरचा अधिकृत आकडा नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पण नव्या इमारती मोजायला जनगणना लागत नाही, कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की दिसतं.

या वाढीची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’. ‘निसर्गाच्या कुशीत’. नवरा, बायको, दोन मुलं, हसरे चेहरे. त्या जाहिरातीत अंतर कधी सांगत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते बदलापूर ६८ किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी जवळजवळ दीड तास. जाऊन-येऊन तीन, आणि घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस धरलं तर चार-साडेचार तास. मुंबईत जागेला जे पैसे कमी पडले, ते या तासांच्या रूपानं भरावे लागतात. आणि घरातले हे तास सगळे सारखे भरत नाहीत. पुरुष गाडीतून उतरतो तेव्हा त्याचा दिवस संपलेला असतो. बाई उतरते तेव्हा तिचा दुसरा दिवस सुरू होतो. स्टेशनबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी पिशव्यांतून विकायला असते. ती कुणासाठी असते हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्यात कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला रूळ दोनच. लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या सगळ्या त्याच दोन रुळांवरून. बदलापूरपर्यंतच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली २०१९ साली, म्हणजे शहर वाढून गेल्यावर. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आणल्या, तेव्हा बदलापूर स्टेशनवर प्रवासी उतरून भांडले, आणि मध्य रेल्वेला नव्यानं सुरू केलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या भांडणात बायकाही होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, माझ्या पगारात तो पास बसत नाही, आणि ही गाडी चुकली तर माझा लेट मार्क पडतो.

बायकांच्या डब्याबद्दल आपण नेहमी कौतुकानं बोलतो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, भिशी. ते खरंच आहे. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली पहिली महिला विशेष लोकल सुटली, तो दिवस महत्त्वाचाच होता. डबा आपल्याला कुणी दान दिलेला नाही. प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवणं हे रेल्वे कायद्यातच आहे. पण मैत्रिणींनो, डब्यातल्या मैत्रीचं कौतुक करता करता आपण एक प्रश्न विचारायचा विसरतो. या डब्यात एवढ्या आया उभ्या आहेत, तर त्यांची मुलं आत्ता कुठं आहेत?

आम्ही विचारलं. आमच्या गटांतल्या पंचवीस-तीस नोकरदार आयांशी बोललो. हे काही सर्वेक्षण नव्हे, नुसत्या गप्पा. कुणाचं मूल सासूकडे. कुणाचं गावी, आजीपाशी, महिन्यातून एकदा भेटतं. कुणाचं शेजारच्या काकूंकडे. काकू प्रेमळ आहेत, पण दोन खोल्यांत दहा मुलं आहेत. कुणाचं शाळेत, मग शाळेला जोडून शिकवणीला, मग दुसऱ्या शिकवणीला, म्हणजे मूल शिकवण्यांतूनच सांभाळलं जातं. एका सात वर्षांच्या मुलीच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली घराची किल्ली होती. सार्वजनिक पाळणाघरात मात्र यांतल्या एकीचंही मूल नव्हतं.

कायदा काय म्हणतो? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे. २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. चांगलीच आहे. पण ते पाळणाघर ऑफिसापाशी! दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन सकाळची बदलापूर लोकल पकडून दाखवा, असं मला कायदा करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. जिचं काम फोर्टला आणि घर कुळगावला, तिला पाळणाघर कुळगावला हवं. शिवाय पन्नासची अट. दुकानात, दवाखान्यात, घरकामात असलेल्या बाईच्या मालकाकडे पन्नास माणसं नसतातच.

अंगणवाडी आहे. पण ती काही तासांची असते आणि आई रात्री आठला येते. शिवाय साधारण चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, असं सरकारी गणित. आता लोकवस्ती किती धरायची? शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर उभी राहिलेली अख्खीच्या अख्खी वस्ती त्या मोजणीत नाही. पाण्याचं बिल येतं, घरपट्टी येते, पण मूल मोजलेलं नाही.

आता दुसरी बाजू. नोकरदार बाईचं घर सकाळी कोण सांभाळतं? धुणीभांडी, पोळ्या करणारी बाई. ती येते रुळांपलीकडच्या वस्तीतून, किंवा आसपासच्या पाड्यावरून. तिच्या मुलाला कोण बघतं? तिची मोठी मुलगी. ती दहा-अकरा वर्षांची असते आणि त्यापायी शाळेला दांड्या मारते. आमच्या किशोरी वर्गातून गळणाऱ्या मुलींची कारणं मी लिहून ठेवते. ‘धाकट्या भावाला सांभाळायला’ हे वाक्य त्या वहीत पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे फोर्टमधल्या नोकरीची साखळी कुठं येऊन संपते पाहा. पाड्यावरच्या एका मुलीच्या शाळेपाशी. सगळ्यांत शेवटची किंमत तिनं दिलेली असते, आणि तिला त्यातलं काहीच मिळालेलं नसतं.

हे सगळं आम्हाला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर त्याचं गांभीर्य कळलं ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये.

तुम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणून तपशिलात जात नाही. बदलापुरातल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन लहान मुलींवर तिथल्याच एका पुरुष सफाई कर्मचाऱ्यानं लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार झाली. गुन्हा नोंदवून घ्यायला कित्येक तास लागले. २० ऑगस्टला हजारो लोक स्टेशनात रुळांवर उतरले, दहा तासांच्या आसपास गाड्या बंद राहिल्या. मग मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि दिरंगाईबद्दल पोलिसांना आणि शाळेला प्रश्न विचारले.

रुळांवर बायका मोठ्या संख्येनं होत्या. ज्या गाडीसाठी त्या रोज धावतात, तीच गाडी त्यांनी अडवली. त्या दिवशी मी तिथं होते. एक बाई, कधी मोर्चात न आलेली, मला म्हणाली, “मी रोज मुलीला फाटकात सोडते आणि मागे न बघता पळते. नाहीतर गाडी चुकते. आज मला मागे बघायचंय.”

त्यानंतरच्या आठवड्यात काय झालं ते सांगते, कारण ते वर्तमानपत्रांत आलं नाही. आमच्या केंद्रात बायका येऊ लागल्या. कुणाला सासू म्हणाली, नोकरी सोड. कुणाला नवरा म्हणाला, तुझ्या पगारापायी पोरीचं काही झालं तर? सोसायटीच्या बैठकीत कुणी म्हणालं, हल्लीच्या आयांना मुलांपेक्षा करिअर प्यारं. दोघींनी खरोखरच नोकरी सोडली. घराचा हप्ता दोन पगारांवर घेतलेला होता. तो आता एका पगारावर आला, आणि घरातल्या भांडणांना सुरुवात झाली. गुन्हा केला एकानं, हलगर्जी केली संस्थेनं आणि यंत्रणेनं, आणि शिक्षा झाली ती गाडी पकडणाऱ्या आईला. एकाही बापाला कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही, की तू नोकरी सोड.

आपण कार्यकर्त्यांनी इथं ठाम राहायला हवं. मुलीवर अत्याचार झाला तो आई कामाला गेली म्हणून नव्हे. लहान मुलींना स्वच्छतागृहात नेताना सोबत बाई असेल याची खबरदारी कुणी घेतली नव्हती, तक्रार घेऊन आलेल्या पालकांचं ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून तो झाला आणि दडपला जाऊ लागला. २०१२ चा पॉक्सो कायदा काय सांगतो, हे आपण प्रत्येक वस्तीत सांगितलं पाहिजे. असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाचालकानं ते दडवलं तर त्यालाही शिक्षा आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो स्त्री पोलिस अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. रात्री मुलाला पोलिस ठाण्यात ठेवायचं नाही. हे वाचायला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी बदलापुरात किती जणींना हे ठाऊक होतं? मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं आहे, मला ठाऊक होतं. पण मी ते किती जणींपर्यंत पोचवलं होतं?

आणखी एक कडवट गोष्ट. सप्टेंबर २०२४ मध्ये तो आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला. गावात आनंद झाला. आमच्या गटातल्या काही जणींनाही झाला, मी त्यांना दोष देत नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या खटल्यात या मुलींचं ऐकून घेतलं गेलं असतं आणि त्याचा गुन्हा न्यायालयात तपासला गेला असता, तो खटलाच संपला. आणि ‘न्याय झाला’ म्हणून लोक घरी गेले. शाळेत बाई नेमली का, पोलिस ठाण्यात तक्रार लगेच घेतात का, मुलं दिवसभर कुणाजवळ असतात, हे विचारायला कोण उरलं? गोळीनं पाळणाघर उभं राहत नाही.

आणि विचारायचं तरी कुणाला? कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची मुदत २०२० साली संपली होती. निवडणूक झाली ती २०२५ च्या डिसेंबरात. मधली पाचएक वर्षं प्रशासकाची. स्थानिक संस्थांत बायकांना पन्नास टक्के आरक्षण मिळवायला आपण किती वर्षं झगडलो! २०११ मध्ये ते मिळालं. आणि ऐन गरजेच्या वेळी जिच्या दारात जाऊन बसावं अशी एकही नगरसेविका गावात नव्हती.

आता आपल्याबद्दल बोलते. दुसऱ्यांकडे बोट दाखवून झालं.

आमच्या बैठका कधी असायच्या? दुपारी तीनला. बचत गटाच्या बायकांना ती वेळ सोयीची. गाडीनं जाणाऱ्या बायका त्यात कधीच नव्हत्या. त्यांच्याबद्दल आमचा एक समजही होता, की या मध्यमवर्गीय, इमारतीतल्या, यांना काय कमी आहे? त्यांनाही आमच्याबद्दल वाटायचं की या वस्तीतल्या बायकांच्या ताई. ऑगस्टमध्ये रुळांवर दोघी शेजारी शेजारी बसल्या तेव्हा आम्हाला कळलं की घरकाम करणारी आणि जिच्या घरी ती काम करते ती, दोघींची मागणी एकच आहे. दोघींनाही कामाच्या तासांत आपलं मूल सुखरूप हवं आहे. आम्ही मात्र दोघींना वेगवेगळ्या फायलींत ठेवलं होतं.

मग आम्ही बैठक रविवारी सकाळी घ्यायला लागलो. सोबत मुलांना आणा, ती इथंच खेळतील, असं सांगितलं. पहिल्या रविवारी नऊ जणी आल्या. एकीचा नवरा बाहेर रिक्षात बसून राहिला होता, बैठक किती वेळ चालते ते बघायला. आता बऱ्याच जणी येतात. भांडणंही होतात. पोळ्या करणाऱ्या एका ताईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “माझी सुट्टी कापता, मग माझ्या मुलीसाठी पाळणाघर कसं मागाल?” शांतता पसरली. पण त्या दिवशी इमारतीतल्या तीन बायकांनी भरपगारी सुट्टी मान्य केली. ही आमची सगळ्यांत मोठी कमाई आहे असं मी मानते, कुठल्याही निवेदनापेक्षा.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना, चालत जाता येईल अशा अंतरावर, सकाळी सहा ते रात्री नऊ चालणारी पाळणाघरं. ती नगरपरिषदेनं चालवावीत, आणि तिथं काम करणाऱ्या बायकांना मानधन नको, पगार द्यावा. घरकामगार बाईच्या मुलालाही तिथंच प्रवेश. खासगी पाळणाघरांची नोंदणी व्हावी, पण काकूंना त्रास द्यायला नव्हे, त्यांना प्रशिक्षण आणि मदत मिळावी म्हणून. आणि स्टेशनात स्वच्छ, रात्रीही उघडी राहणारी स्वच्छतागृहं. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली, ती गाडीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत यायला हवी.

हे अशक्य नाही. शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा शाळा, बाग, दवाखाना यांसाठी भूखंड राखून ठेवतात. लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. तिथं बिल्डर पोचतात, आपण पोचत नाही. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात महिला व बालकल्याणाची तरतूद असते. ती बऱ्याच ठिकाणी शिलाई यंत्रं आणि मेळाव्यांवर संपते. त्या तरतुदीचा हिशेब मागायला दोन बायका आणि माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो.

तेव्हा परत गेल्यावर एवढंच करा. आपल्या गटात ते चोवीस तासांचं घड्याळ काढून घ्या. नोकरदार बाईचं आणि तिच्या घरी काम करणाऱ्या बाईचं, दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी लावा. मग त्या कागदांवर लाल पेननं एक गोष्ट लिहा, प्रत्येक तासाला मूल कुणाजवळ आहे. जिथं उत्तर नाही ते तास मोजा. आपल्या गावासाठी किती पाळणाघरं मागायची, त्याचा आकडा तिथून मिळेल. जनगणना होईल तेव्हा होईल, आपली मुलं आपण मोजू.

ते कागद घेऊन तुमच्या नगरसेविकेकडे जा. आम्हीही निघालो आहोत. भेटू तेव्हा एकमेकींना आकडे सांगू.